प्रोजेक्टवर सही कोणाची, सोबत कोणाची?

मार्च-एप्रिल उजाडला की इंजिनीअरिंग आणि संगणकशास्त्राच्या कॉलेजांजवळची झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘ब्लॅक बुक’ बांधून घ्यायचे असते. काळ्या पुठ्ठ्याचे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे, आत तिघाचौघांची नावे आणि सुरुवातीलाच प्रमाणपत्राचे पान. त्या पानावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, बाहेरून आलेल्या परीक्षकांची सही. वर्षभरात गाइडची आणि मुलांची भेट किती वेळा झाली, त्या भेटीत काय बोलणे झाले, हे मात्र त्या पुस्तकात कुठेच लिहिलेले नसते. अनेक ठिकाणी तसे लिहिण्याजोगे फारसे काही घडलेलेही नसते. हजेरीची वही, उपस्थितीची व्यवस्था, ग्रंथालयाची देवघेव असे ठरलेले विषय. मागच्या बॅचकडून आलेला किंवा सरळ विकत घेतलेला कोड. आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सही.

एप्रिल २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतही असाच एक बी.टेक. प्रोजेक्टचा अहवाल सादर झाला. त्यावर दोन विद्यार्थ्यांची नावे होती : नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. मार्गदर्शक होते प्रा. मणींद्र अगरवाल. चार महिन्यांनी, ४ ऑगस्ट २००२ रोजी, या तिघांनी नऊ पानांचा एक लेख जगातल्या मोजक्या तज्ज्ञांना ई-मेलने पाठवला. तो रविवार होता. सोमवारी सकाळी अमेरिकेत कार्ल पोमरन्स या नामवंत गणितज्ञाने तो वाचला, पटला म्हणून त्याच दुपारी सहकाऱ्यांना जमवून आयत्या वेळी त्यावर व्याख्यानही दिले. मंगळवारी लेख सर्वांसाठी खुला झाला आणि ८ तारखेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची बातमी होती. गणितातला आणि संगणकशास्त्रातला एक जुना प्रश्न सुटला होता. सोडवणाऱ्यांपैकी दोघांच्या हातात बी.टेक.ची पदवी नुकतीच पडली होती.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘हुशार मुलांची कमाल’ म्हणून सांगितली जाते. मुले हुशार होती, यात शंका नाहीच. पण हुशार मुले दर वर्षी शेकड्याने पदवी घेऊन बाहेर पडतात. त्या प्रोजेक्टमागे आणखी काय होते, हे पाहिले तर पदवीच्या वर्गातल्या मुलांकडून संशोधन कसे करून घ्यावे, याचा तो उत्तम धडा ठरतो.

प्रश्न काय होता?

एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे कसे ओळखायचे? शाळेतली पद्धत सोपी आहे. २, ३, ५, ७ अशा संख्यांनी भागून पाहायचे. वर्गमुळापर्यंत भाग गेला नाही तर संख्या मूळ. लहान संख्यांना हे ठीक आहे. पण शंभर आकडी संख्या घेतली, तर तिचे वर्गमूळ पन्नास आकडी असते. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारे यंत्र आणले, तरी विश्वाच्या आजवरच्या वयात हे काम पुरे होणार नाही. आणि अशा प्रचंड मूळ संख्यांची गरज तर रोज पडते. इंटरनेटवर पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर सुरक्षित पाठवण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीचा पायाच दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार हा आहे.

१९७०च्या दशकात यावर वेगवान युक्त्या निघाल्या. पण प्रत्येकीत काहीतरी उणे होते. मिलर आणि राबिन यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी झपाट्याने उत्तर देते, पण त्यात नशिबाचा भाग असतो. चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. ती शून्य मात्र होत नाही. दुसऱ्या काही कसोट्या नशिबावर नव्हे, तर अजून सिद्ध न झालेल्या गृहीतकावर उभ्या होत्या. खात्रीचे उत्तर, कोणतेही गृहीतक नाही, नशिबाचा भाग नाही आणि आकडे वाढले तरी काम आवाक्यात राहते, अशी एकच रीत हवी होती. ती आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

कानपूरच्या उत्तराचे मूळ आपल्याकडच्या जुन्या मेरुप्रस्तारात, म्हणजे शाळेत ‘पास्कलचा त्रिकोण’ म्हणून शिकवतात त्यात, दिसते. त्याची पाचवी ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे. टोकांचे एकक सोडले तर मधल्या प्रत्येक संख्येला ५ने भाग जातो. सातवी ओळ १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १. इथेही मधल्या सगळ्यांना ७ने भाग जातो. सहावी ओळ मात्र १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी आहे. १५ला आणि २०ला ६ने भाग जात नाही. हा योगायोग नाही. संख्या मूळ असेल तर तिच्या ओळीत हा गुण असतोच आणि मूळ नसेल तर तो कधीच नसतो. म्हणजे कसोटी मिळाली. अडचण एवढीच, की शंभर आकडी संख्येची ओळ लिहायची तर दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षाही जास्त संख्या लिहाव्या लागतील.

उपाय असा सुचला, की ही ओळ लांब कापडासारखी घडी घालून लहान करावी. ठराविक अंतरावरच्या संख्या एकमेकींवर आणून त्यांची बेरीज करायची, म्हणजे शेवटी थोड्याच संख्या उरतात. आता खरी मेख अशी, की घडी घातल्यावर काही माहिती हरवते. मग एखादी मूळ नसलेली संख्या मूळ असल्याचे सोंग वठवून निसटणार नाही कशावरून? घडी किती रुंद घ्यावी आणि किती वेळा तपासावे, म्हणजे एकही सोंगाडी निसटणार नाही? सगळा प्रश्न इथे येऊन थांबला होता.

उन्हाळ्याआधीची तीन वर्षे

अगरवाल स्वतः कानपूरलाच शिकले. पीएच.डी.साठी त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. सोमनाथ बिस्वास. पुढे गुरू आणि शिष्य सहकारी झाले आणि १९९९ मध्ये दोघांनी मिळून मेरुप्रस्ताराच्या याच गुणावर बेतलेली एक नवी कसोटी मांडली. त्या कसोटीत घडी कशी घालायची हे अजून नशिबावर, म्हणजे यादृच्छिक निवडीवर, सोपवलेले होते. नशिबाचा भाग काढून टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न. अगरवालांना त्याचे उत्तर माहीत नव्हते. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी तो बी.टेक.च्या मुलांपुढे ठेवला.

पहिली जोडी होती रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे यांची. २००१च्या आपल्या अहवालात त्यांनी एका विशिष्ट पद्धतीच्या घडीचा अभ्यास केला आणि एक अनुमान मांडले : अमुक अट पाळली, तर एकदाच तपासणे पुरेसे ठरावे. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. पुढच्या वर्षी कयाल आणि सक्सेना यांनी तेच सूत्र हाती घेतले. त्यांनी संगणकावर ते अनुमान १,००० कोटीपर्यंतच्या संख्यांसाठी, घडीची रुंदी शंभरपर्यंत घेऊन, तपासून पाहिले. कुठेही अपवाद सापडला नाही. पण ‘सापडला नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असे गणितात चालत नाही. एप्रिलमध्ये अहवाल सादर झाला तेव्हा प्रश्न उघडाच होता.

मग उन्हाळ्यात तिघांनी दिशा थोडी बदलली. एकाच तपासणीचा हट्ट सोडला. घडीची रुंदी एकदा नीट निवडायची आणि त्याच घडीवर थोड्या बदलाने अनेक वेळा तपासायचे, असे ठरवले. ‘अनेक’ म्हणजे किती, हे मोजून दाखवता आले आणि सिद्धता उभी राहिली. तिच्यात एका ठिकाणी एत्येन फुव्ह्री या फ्रेंच गणितज्ञाचे १९८५चे प्रमेय उपयोगी पडले. पहिल्या मसुद्यानुसार, आकड्यांची संख्या दुप्पट झाली तर काम साधारण ४,०९६ पट वाढणार होते. ऐकायला हे खूप वाटते. पण शंभर आकड्यांवरून दोनशेवर गेल्यावर शाळेतल्या भागाकाराच्या पद्धतीत काम जितके पट वाढते, तो आकडा लिहायला एकावर पन्नास शून्ये द्यावी लागतात. नंतर हेंड्रिक लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांनी सुधारणा करून ही वाढ साधारण ६४ पटीवर आणली.

लेख २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या अग्रगण्य नियतकालिकात छापला गेला. २००६ मध्ये तिघांना मिळून गोडेल पुरस्कार आणि फुल्कर्सन पुरस्कार मिळाला. कसोटी आज ‘एकेएस’ म्हणून ओळखली जाते : अगरवाल, कयाल, सक्सेना. व्यवहारात संगणक आजही मिलर-राबिनची जुनी कसोटीच वापरतात, कारण ती कितीतरी वेगवान आहे. आणि एकेएसमुळे बँकांची कुलपे उघडली, असेही काही झाले नाही, कारण मूळ संख्या ओळखणे वेगळे आणि मोठ्या संख्येचे अवयव पाडणे वेगळे. पण अशी रीत आहे का, या प्रश्नाचे उत्तर कायमचे मिळाले.

गाइडने नेमके काय केले?

या हकिकतीत मार्गदर्शनाच्या चार गोष्टी दिसतात. त्यांतल्या एकीलाही महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रश्न खरा होता. उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर छापलेले नव्हते, गाइडच्या डोक्यातही नव्हते. विद्यार्थ्याला हे कळते. सरांना उत्तर माहीत आहे आणि ते आपली परीक्षा घेत आहेत, असे वाटले की मुले उत्तर शोधण्याऐवजी सरांच्या मनातले ओळखू लागतात.

दुसरी, प्रश्न मोठा असला तरी त्याला पायऱ्या होत्या. ‘अमुक प्रश्न सोडवून आणा’ असे कोणी सांगितले नव्हते. एका घडीचा अभ्यास करा, एक अनुमान तपासा, संगणकावर चालवून पाहा, ही कामे बी.टेक.च्या मुलाला सोमवारी सुरू करता येतात आणि शुक्रवारी काहीतरी दाखवता येते. मूळ प्रश्न सुटला नसता तरी त्या दोघांचा अहवाल प्रामाणिक आणि पुरेसाच ठरला असता.

तिसरी, काम एका बॅचबरोबर संपले नाही. २००१च्या जोडीने जिथे सोडले, तिथून २००२च्या जोडीने धरले. गंमत म्हणजे पहिल्या जोडीचे ते अनुमान आजही सिद्ध झालेले नाही; उलट ते बहुधा खोटे असावे, असा युक्तिवाद लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांनी पुढे केला. तरीही त्या अनुमानाभोवती केलेल्या कामातूनच वाट सापडली. आपल्याकडे दर जूनमध्ये नवे गट, नवे विषय आणि जुनी ब्लॅक बुके कपाटात, असे चक्र चालते. चौघांनी वर्षभरात जे शिकले ते त्यांच्याबरोबरच निघून जाते.

चौथी गोष्ट श्रेयाची. लेखावर तिन्ही नावे आडनावांच्या वर्णक्रमाने आहेत. प्राध्यापक आणि कालपर्यंतचे विद्यार्थी एकाच ओळीत. कयाल आणि सक्सेना पुढे कानपूरलाच अगरवालांकडे पीएच.डी.ला राहिले. आज सक्सेना तिथेच प्राध्यापक आहेत, कयाल बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये गेले आणि २०२१चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना गणितासाठी मिळाला. बिस्वासांकडून अगरवालांकडे, अगरवालांकडून या दोघांकडे. गाण्यातल्या घराण्यासारखी ही परंपरा पुढे गेली.

गाइडचा अंदाज चुकतो तेव्हा

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतले. २०१७ मध्ये इविन टँग ही पदवीची विद्यार्थिनी स्कॉट अ‍ॅरनसन यांच्याकडे क्वांटम संगणनाचा विषय शिकत होती. अ‍ॅरनसन यांनी तिला संशोधनासाठी काही प्रश्न सुचवले. त्यातला एक होता ‘शिफारशी’चा. ऑनलाइन दुकाने किंवा चित्रपट दाखवणारी अ‍ॅप्स ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जे सुचवतात, त्यामागचे गणित. २०१६ मध्ये इओर्डानिस केरेनिडिस आणि अनुपम प्रकाश या दोघांनी हे काम क्वांटम संगणकावर अतिशय झपाट्याने करणारी रीत शोधली होती. साध्या संगणकाला तेवढा वेग गाठता येणारच नाही, असे बहुतेकांना वाटत होते. ते सिद्ध करणे, हे टँगचे काम.

ती महिनोन्‌महिने प्रयत्न करत राहिली आणि तिला उलटेच सापडू लागले. साध्या संगणकावरही जवळपास तशीच वेगवान रीत निघत होती. गाइडचा अंदाज चुकला होता. अशा वेळी दोन प्रकारचे गाइड असतात. एक म्हणतो, ‘तुझेच कुठेतरी चुकले असेल, पुन्हा बघ.’ दुसराही ‘पुन्हा बघ’ म्हणतो, पण स्वतः शेजारी बसून बघतो. अ‍ॅरनसन दुसऱ्या प्रकारचे. लेख जाहीर करण्याआधी त्यांनी २०१८च्या जूनमध्ये बर्कली इथल्या तज्ज्ञांच्या मेळाव्यात टँगला तिचे काम मांडायला लावले. समोर खुद्द केरेनिडिस आणि प्रकाशही होते. प्रश्नांची सरबत्ती झाली, सिद्धता टिकली आणि जुलैमध्ये लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा टँग अठरा वर्षांची होती.

इथे गाइडने दोन जबाबदाऱ्या पार पाडल्या. आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले आणि विद्यार्थिनीला सुरक्षित पण कडक परीक्षेतून नेले. चूक असती तर ती एका खोलीत, जाणत्या माणसांसमोर कळली असती. जगभर हसे झाले नसते. नवख्या संशोधकाला असे पाठबळ मिळाले की तो मोठे विधान करायला धजावतो.

पण सगळेच कयाल आणि टँग नसतात

हा आक्षेप रास्त आहे. आयआयटीतली, वयाआधी विद्यापीठात पोहोचलेली मुले वेगळी. मग साध्या कॉलेजातल्या, सत्तर टक्के मिळवणाऱ्या, पहिल्या पिढीतच पदवीपर्यंत आलेल्या मुलामुलींचे काय?

याचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने २०१४ पासून एका उपक्रमातून शोधायचा प्रयत्न केला आहे. क्रिस्टिन अल्व्हाराडो या प्राध्यापिकेने तो सुरू केला. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना, म्हणजे ज्यांना अजून फारसे काही येत नाही अशांना, चार-चारच्या गटाने एका वर्षासाठी खऱ्या संशोधन गटाला जोडून द्यायचे. संगणकाच्या वर्गात ज्यांची संख्या कमी असते, त्या मुलींना आणि इतर गटांतल्या मुलांना यात मुद्दाम सामील करून घेतले जाते.

या उपक्रमातली महत्त्वाची युक्ती म्हणजे प्रत्येक गटाला दोन मार्गदर्शक असतात. एक विषयाचा : प्रश्न काय, आजवर कोणी काय केले, पुढे काय करायचे, हे पाहणारा. दुसरा रीतीचा : शोधनिबंध वाचायचा कसा, नोंदी ठेवायच्या कशा, अडलो हे कधी आणि कोणाला सांगायचे, गटातला एकच जण सगळे काम करत असेल तर काय करायचे, हे पाहणारा. सुरुवातीचे काही महिने मुले संशोधनाची पद्धत शिकतात आणि आपला प्रस्ताव लिहितात. काम त्यानंतर सुरू होते. या विभागणीमुळे संशोधनात बुडालेल्या प्राध्यापकावर सगळा भार पडत नाही आणि मुलेही वाऱ्यावर राहत नाहीत. ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या इतर काही विद्यापीठांनीही उचलली.

अशा अनुभवाचा मुलांना उपयोग काय होतो? डेव्हिड लोपॅटो या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ४१ संस्थांमधल्या १,१३५ विद्यार्थ्यांची पाहणी करून निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. विज्ञानाच्या वेगवेगळ्या शाखांमधली ही मुले होती. संशोधन कसे चालते, शास्त्रज्ञ खऱ्या प्रश्नाला कसे भिडतात, हे समजल्याचे आणि अधिक अवघड काम पेलण्याची तयारी झाल्याचे बहुतेकांनी सांगितले. अर्थात हे मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेले होते आणि संशोधनाकडे मुळात उत्साही मुलेच वळतात, हेही लक्षात ठेवायला हवे. तरी शिकवणाऱ्यांचा रोजचा अनुभव याच्याशी जुळतो. तीन आठवडे प्रोग्रॅम चालला नाही, चौथ्या आठवड्यात कारण कळले, हे ज्याने एकदा सोसले आहे, तो पुढच्या अपयशाने सहसा खचत नाही.

आता हा प्रश्न आपल्या दारात

महाराष्ट्रातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी याकडे आत्ताच लक्ष देण्याचे कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्यासाठी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करायचा असतो. राज्यातल्या विद्यापीठांनीही चार वर्षांची रचना स्वीकारली आहे. म्हणजे बी.एस्सी.ला संगणकशास्त्र घेतलेल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीच्या पदवीवरही ‘संशोधनासह’ हे शब्द येऊ शकतात. ते शब्द खरे ठरणार की ती आणखी एक ब्लॅक बुकच होणार, हे ठरेल ते गाइडवर.

आणि गाइडची अडचण खरी आहे. तासांचा भार, रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर नेमणुका, परीक्षेची कामे. ज्या शिक्षकाला स्वतःला कधी चांगला मार्गदर्शक लाभला नाही, त्याच्याकडून एकदम संशोधनाचे मार्गदर्शन मागणेही अन्यायाचे. यातून गैरप्रकारांना वाट मिळते. पैसे भरून काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत मुलांच्या नावाने लेख येतात. मुले महिनोन्‌महिने माहिती भरण्याचे काम करतात आणि लेखावर त्यांचे नाव नसते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका संध्याकाळीत प्रोजेक्टचा कोड आणि अहवाल दोन्ही लिहून देतात. पूर्वी निदान कोड उतरवून घेताना तरी काही वाचले जाई. त्यामुळे ‘प्रोग्रॅम चालतो का’ यावर गुण देण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. ‘तुम्ही काय विचारलेत, काय अपेक्षित होते, काय निघाले आणि ते तसे का निघाले’ हे तोंडी विचारण्यात मात्र आहे.

काही दारे उघडी आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी बोलावते आणि त्यात संगणकशास्त्रही आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही मिळू शकते. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो. अमेरिकेत १९९४ पासून एक उपक्रम पदवीच्या मुलींना उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाशी जोडून देत आला आहे. पुण्या-मुंबईतल्या संस्था आणि तालुक्याची कॉलेजे यांच्यात अशी जोडणी करायला मोठा खर्च येत नाही.

संगणकशास्त्राची एक सोयही आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, जीवशास्त्राला सूक्ष्मदर्शक लागतो. इथे एक साधा लॅपटॉप, मोफत सॉफ्टवेअर आणि एक चांगला प्रश्न पुरतो. आणि प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. बोललेले मराठी लिहून देणारी अ‍ॅप्स पुण्याच्या बोलीत किती चुकतात आणि वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत किती? चुका कोणत्या जातीच्या असतात? मोडी लिपीतली अक्षरे यंत्राला ओळखायला शिकवताना कोणत्या दोन अक्षरांची सर्वाधिक गल्लत होते? ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी सरकारी यादीत माणसाचे नाव सापडावे, यासाठी शोधण्याची कोणती रीत बरी? यातला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सोमवारी सुरू करता येईल आणि पुढच्या बॅचला त्यात भर घालता येईल असा आहे. वऱ्हाडीची शंभर वाक्ये कशी गोळा करायची, हे अकोल्याच्या मुलीला अमेरिकेतल्या प्राध्यापकापेक्षा जास्त चांगले कळते.

शिक्षकाने काय करायचे, तेही फार मोठे नाही. आठवड्याला एक ठरलेला तास, जो प्रवेश आणि परीक्षा यांच्या गर्दीतही मोडायचा नाही. पहिले तीन आठवडे एकच शोधनिबंध सगळ्यांनी मिळून वाचायचा. शिक्षकालाही जे कळले नाही ते ‘मलाही कळले नाही’ असे म्हणायचे. मग त्या निबंधातला एखादा निकाल स्वतः करून पाहायचा. जुळला तर पुढे, नाही जुळला तर तोच प्रोजेक्ट. एक वही ठेवायची, तीत फसलेले प्रयोगही तारखेसह लिहायचे. आणि वर्ष संपताना पुढच्या बॅचसाठी एक पान : आम्ही कुठवर आलो, कुठे अडलो, तुम्ही कुठून सुरू करा.

कानपूरच्या २००१च्या जोडीने आपल्या अहवालात सिद्धता लिहिली नव्हती, एक अनुमान लिहिले होते. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तो अहवाल उघडून वाचला, कारण त्यांच्या गाइडने तो वाचायला दिला. राज्यातल्या कॉलेजांच्या कपाटांत आज हजारो ब्लॅक बुके आहेत. येत्या जूनमध्ये नवे गट पडतील तेव्हा त्यातले एखादे बाहेर काढून ‘यांनी इथे सोडले आहे, बघा जरा’ एवढे म्हणणारे कोणी तरी मुलांना भेटायला हवे.